कोपरीची आजी आणि खांद्याचं बक्कल

कोपरीच्या आजींचा विषय निघाला की मी लोकांना तांदळाची गोष्ट सांगतो आणि तिथेच थांबतो. लोक हसतात, मीही हसतो, पुढचं कोणी विचारत नाही. गेली कितीतरी वर्षं मी हे असंच निभावून नेलं आहे. पुढचं सांगावं लागू नये म्हणूनच मी ती गोष्ट इतकी रंगवून सांगायला शिकलो.

कोपरीची आजी म्हणजे माझ्या सुनेची, मुग्धाची आई. माझ्या विहीणबाई. नात रेवा बोलायला लागल्यावर तिने आपल्या दोन आज्यांना गावांवरून नावं पाडली, डोंबिवलीची आजी आणि कोपरीची आजी, आणि तीच सगळ्यांच्या तोंडी बसली. विहीणबाईंची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. त्यामुळे समोर बसलेल्या माणसाशीही त्या, लाइन मध्येच तुटेल की काय अशा बेताने बोलत. दोन वाक्यं झाली की "ऐकताय ना?" असं विचारत आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जात. यजमान लवकर गेले होते. मुग्धाला त्यांनी एकटीने वाढवलं, पण त्याचा उल्लेख त्यांच्या बोलण्यात कधी यायचा नाही. यायच्या त्या खात्यातल्या गमती.

तर तांदळाची गोष्ट. रेवा चार महिन्यांची असताना मुग्धाचं मनगट दुखायला लागलं. पोरगी खाली ठेवली की रडायची आणि उचलली की गप्प व्हायची. बाळाला अंगाशी बांधून घ्यायची पिशवी आणायची ठरली. माझी नोकरी डोंबिवलीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात गेलेली. कुठलीही वस्तू घेण्याआधी तिची माहिती वाचून काढायची, ही माझी सवय. मी इंटरनेटवर पाहून एक पिशवी पक्की केली होती. विहीणबाई म्हणाल्या, "छान आहे. पण घालून बघू या." गोखले रोडच्या दुकानात आम्ही सगळे गेलो. तिथे त्यांनी आपल्या थैलीतून एक उशी काढली. जुन्या सुती साडीची खोळ, आत तांदूळ, तोंड शिवून टाकलेलं. वजन साधारण रेवाइतकं.

दुकानदार म्हणाला, "आजी, हे बेबीसाठी आहे हो. किराण्यासाठी नाही."

"अरे, बाळाला बोलता येत नाही. माझ्या पाठीला येतं. तिला आधी विचारते," असं म्हणत त्यांनी उशी पिशवीत घातली, पट्टे आवळले आणि सरळ दुकानाबाहेर पडल्या. फुटपाथवरून उसाच्या रसाच्या दुकानापर्यंत जाऊन परत. मागे दुकानदार, पिशवीचे पैसे अजून यायचे असल्यामुळे जरा भरभर. पहिल्या पिशवीचे पट्टे खांद्यात रुतले. दुसरीत बुडाखालची पट्टी इतकी अरुंद की उशी नुसती लोंबत होती. "हिला बसायचंय, टांगून नाही घ्यायचं," त्या म्हणाल्या. मग त्यांना स्वतःला फार आवडलेली एक कापडी झोळी आली, दोन कड्यांतून ओढून घ्यायची. तिच्यातून उशी अर्ध्या वाटेवर कडेने घसरली ती त्यांनी दोन्ही हातांनी सावरली. परत येऊन म्हणाल्या, "हे मला जमणार नाही बाई. निसटलीच होती. आज सगळ्यांना गोखले रोडवर डोसे मिळाले असते."

शेवटी त्यांनी मी निवडलेली पिशवी घातली. राखाडी रंगाची, रुंद बैठकीची, कमरेला एक पट्टा आणि दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांना काखेखाली एकेक बक्कल. ती घालून त्या बराच वेळ आल्याच नाहीत. आल्या त्या रसाचा ग्लास हातात घेऊन. "व्याह्यांची निवड," त्यांनी दुकानदाराला सांगितलं, "तांदळाने पास केलीय. हीच द्या." माझी निवड बरोबर निघाली हे त्यांनी नंतर येईल त्या माणसाला सांगितलं. पिशवी वापरताना कोणी बघितलं की "आमच्या व्याह्यांनी शोधून काढली" हे ठरलेलं.

इथपर्यंत सांगून मी थांबतो.

ती पिशवी आमच्या अंगावर चढवायचं काम विहीणबाईंनी स्वतःकडे घेतलं होतं. मुलगा समीर आणि मुग्धा तेव्हा खोपटला डेपोच्या मागे राहत होते, अजूनही राहतात. विहीणबाई सकाळी कोपरीहून पूल ओलांडून चालत यायच्या. ज्याला रेवाला घ्यायचं त्याला त्या समोर उभं करायच्या. बाळाचं नाक दिसतंय ना बघायच्या, मान खाली करून तिच्या टाळूला ओठ टेकवून दाखवा म्हणायच्या. मग दोन्ही बक्कलं टक् करून लावायच्या आणि लावली तरी एकेकदा ओढून बघायच्या. समीर कंटाळायचा. "आई, मी काय नवरदेव आहे का?"

"नवरदेवाला एवढं जपत नाही कोणी. आणि ऐक, काही खाली पडलं तर वाकायचं नाही. गुडघ्यात बसायचं. वाकलास तर तांदूळ सांडतील."

रूढींची त्या थट्टाच करायच्या. मुलीकडे नातवंड होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पिऊ नये, असं जुनी माणसं म्हणत. "मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच चहा पिऊन मोकळी झाले," असं त्या सांगायच्या. तरी पंगतीत पहिलं ताट माझ्यासमोर यायचं. मुलाकडचे म्हणून आमचं मन राखायचं, हे त्यांच्या हातात मुरलेलं होतं, तोंडाने त्या काहीही म्हणोत. मला ते आवडायचं, हेही लिहून ठेवतो.

मुग्धाची रजा संपत आली तेव्हा ठरलं की विहीणबाईंनी कोपरीची खोली बंद करून खोपटला यायचं आणि रेवाला सांभाळायचं. आमच्या घरी माझ्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आमचा उपयोग नव्हता. विहीणबाईंना तर हेच हवं होतं. त्यांनी कुंड्या शेजारणीला देऊन टाकल्या, दूधवाल्याला बंद सांगितलं. "आता मी खोपटची," असं त्या भाजीवालीलासुद्धा सांगत होत्या. इतक्या आनंदात मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी खोपटला गेलो होतो. समीर कामावर, मुग्धा खाली औषधाच्या दुकानात. विहीणबाई आंघोळीला निघाल्या होत्या. मी म्हणालो, रेवाला घेऊन जरा खाली चक्कर मारतो. त्या म्हणाल्या, "थांबा हो व्याही, आलेच मी. मी लावून देते." त्यांनी न्हाणीघराचं दार लावलं आणि मी पिशवी अंगावर चढवली. मीच शोधून काढलेली पिशवी मला लावता येऊ नये, असं काय आहे तिच्यात, असा विचार मनात होता. डावं बक्कल वाजलं. उजवं वाजलं असं मला वाटलं. ओढून पाहिलं नाही. दाराशी वर्तमानपत्र पडलं होतं. मी वाकलो.

उजवा पट्टा सुटला आणि रेवा काखेखालून बाहेर आली. तिचा पाय माझ्या हातात आला, डोकं चपलांच्या मांडणीच्या कोपऱ्यावर आपटलं. त्या आवाजाचं मी काही लिहीत नाही. विहीणबाई तशाच धावत आल्या, साडी कशीबशी गुंडाळलेली, केसांतून पाणी गळतंय. त्यांनी रेवाला उचललं. कपाळावर टेंगूळ वर येत होतं. एवढ्यात मुग्धा दारात आली.

"काय झालं? कोणी लावलं होतं हे?"

मला गप्प राहता आलं असतं. मी म्हणालो, "विहीणबाईंनी लावून दिलं होतं. बक्कल नीट बसलं नसावं."

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या केसांचं पाणी अजून फरशीवर पडत होतं. मुग्धाने तिकडे एकदा जरी पाहिलं असतं तरी तिला कळलं असतं, पण तिचे डोळे पोरीवर होते. "हो गं," विहीणबाई म्हणाल्या. "आंघोळीच्या घाईत होते. ओढून बघायचं राहिलं."

दवाखान्यात नेलं. फोटो काढला, आत काही नव्हतं. नुसती सूज, लक्ष ठेवा म्हणाले. घरी आल्यावर मुग्धाने आईकडे न बघता सांगितलं, "आई, तू राहू दे आता. आम्ही बाई बघतो." तिची चूक नव्हती. पहिलटकरीण होती, घाबरली होती. विहीणबाईंनी थैली उचलली आणि त्या कोपरीला गेल्या. आधी बाई लागली, मग पाळणाघर. विहीणबाई खोपटला यायच्या, पण पाहुण्यासारख्या. हात मांडीवर ठेवून बसायच्या. रेवा त्यांच्याकडे झेपावली की आधी लेकीच्या तोंडाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "देणार असाल तर घेते." आपल्या मुलीच्या घरात, आपल्या नातीसाठी. मी तिथेच बसलेलो असायचो.

काही आठवड्यांनी मी मनाशी ठरवून कोपरीला गेलो. खोलीत कुंड्या नव्हत्या. "या, मुलाकडचे आले," म्हणत त्यांनी पोहे भिजवले. मी म्हणालो, "मी मुग्धाला खरं सांगणार आहे."

त्या कांदा चिरत राहिल्या. "मी तेव्हा का बोलले नाही, सांगू? तिला त्या घरात नांदायचंय. सासऱ्यांनी पाडलं आणि वर खोटं बोलले, हे एकदा तिच्या मनात बसलं की तुम्ही समोर आलात की तेच आठवणार तिला. समीरशी वाजणार. माझ्यावर रागावली तर काय, आई आहे मी. आईवर रागावतातच मुली. ऐकताय ना?"

"पण तुमचं तिकडे राहायचं..."

"ते आहेच हो." त्यांनी विळी बाजूला केली. "तुम्हाला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगा. मी तुमच्या तोंडून काढून घेणार नाही."

यातलं पहिलं मी ऐकलं आणि शेवटचं सोयीने विसरलो. पोहे खाल्ले, आणखी घेतले आणि हलक्या मनाने डोंबिवलीला परतलो. मुलीचा संसार सांभाळायचा म्हणून त्यांनाच ते उघड करायचं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुढे रेवाचे वाढदिवस झाले, ती शाळेत जायला लागली. मुग्धाचा राग कधीच गेला होता, त्याची घरात चेष्टा होऊन बसली होती. काचेचा बाउल आईच्या हातात गेला की ती म्हणायची, "सांभाळ हां आई, तुझी बक्कलं सैल असतात." सगळे हसायचे. मीही हसायचो. विहीणबाईही हसायच्या, पण त्या बाउल लगेच ओट्यावर ठेवून द्यायच्या, हे मी पाहिलेलं आहे.

गेल्या वर्षी त्या आजारी पडल्या आणि अखेर खोपटला राहायला आल्या. खिडकीतून डेपोतल्या गाड्यांच्या घोषणा ऐकू यायच्या, त्या अर्धवट झोपेत ऐकायच्या आणि कुठली गाडी उशिरा सुटतेय ते सांगायच्या. मी भेटायला गेलो त्या दुपारी मुग्धा त्यांना चमच्याने पेज भरवत होती. रेवा शाळेत होती. मुग्धाने त्यांचं तोंड पुसलं, कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, "आई, तुला एक सांगायचं राहिलंय. रेवा पडली तेव्हा मी तुला घरी पाठवलं ना, फार वाईट वागले मी. कोणाच्याही हातून होतं तसं. मी तुला केव्हाच माफ केलं होतं, फक्त तोंडाने म्हटलं नव्हतं."

मी म्हणालो, "मुग्धा."

"काय बाबा?"

ती वळली. तिच्या मागून विहीणबाईही माझ्याकडे बघत होत्या. इतक्या वर्षांत मी हा विषय काढायला लागलो की त्या काहीतरी चहापाण्याचं काढून मला सोडवायच्या. त्या दिवशी नाही सोडवलं. त्या थांबल्या होत्या. त्यांना ते हवं होतं आणि कायमच हवं होतं, हे मला तेव्हा कळलं. माझं तोंड उघडलेलं होतं, शब्द तयार होते.

मी म्हणालो, "पंखा जरा कमी कर. त्यांना गार लागत असेल."

मुग्धा उठून पंखा कमी करायला गेली. विहीणबाईंनी डोळे मिटले. चार दिवसांनी त्या गेल्या.

मुग्धा, त्या दिवशी मला हे म्हणायचं होतं: रेवाचं बक्कल मी लावलं होतं. तुझी आई आंघोळीला गेली होती, मला थांबा म्हणाली होती, मी थांबलो नाही. तू तिला ज्याची माफी दिलीस ते तिने केलंच नव्हतं. आणि विहीणबाई, हे मी तुमच्या देखत म्हणायला हवं होतं. मला क्षमा करा.