एकशे चार वांगी

अमेरिकेला शिकायला निघाले तेव्हा माझ्या महिन्याच्या खर्चाचा कागद वडिलांनी केला. खोलीचं भाडं, पुस्तकं, बस, सगळ्यापुढे आकडे पडले. भाजीची ओळ मात्र कोरी राहिली. आमच्या धरणगावला भरताची वांगी विकत घेतंय कोण? शेजारचे आबा मळ्यातून पिशवीभर आणून द्यायचे.

तिकडून मी पत्रात कळवलं की इथे एक वांगं तीस रुपयांना पडतं. तीन आठवड्यांनी वडिलांचं उत्तर आलं, "मग तिथे वांगं खाऊ नकोस. घरी आल्यावर खा." मी वैतागले, पण हिशेब बरोबर होता, म्हणून मुकाट्याने बटाटे खात राहिले.

दोन वर्षांनी घरी आले. रोज भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. आठव्या दिवशीही भरीतच दिसलं तेव्हा मी ताट सरकवलं. वडिलांनी उठून तो जुना कागद आणला. भाजीच्या ओळीत आता लिहिलेलं होतं : आठवड्याला एक, दोन वर्षं, एकशे चार वांगी. खाली सात रेघा मारलेल्या.

"खाय बाई," ते म्हणाले, "आजून सत्त्याण्णव बाकी शेतस."