खातीपुऱ्यातले तीन रुग्ण

"मॅडम, स्वाइन फ्लू है," डॉक्टर मास्कमधून म्हणाले आणि चटकन मागे सरले. मी तापावर गोळी मागायला गेले होते. मिळाला आयसोलेशन वॉर्ड, म्हणजे इतरांपासून वेगळं ठेवायची जागा.

नवऱ्याच्या विमा कंपनीतल्या बदलीमुळे आम्ही जयपूरला, खातीपुऱ्यात राहत होतो. सहा वर्षांची मुक्ता शेजारच्या शर्माभाभींकडे होती, त्यामुळे मी निर्धास्त होते. त्यांना मी सख्खी बहीणच मानायचे.

ताप उतरला, तरी घरी सोडेनात. थ्रोट स्वॉब, म्हणजे कापसाच्या काडीने घशातून घेतलेला नमुना, निगेटिव्ह यायला हवा होता. माझा पुन्हा पॉझिटिव्ह आला. त्यानंतरचाही तसाच.

मग शेजारच्या खाटेवरच्या पेपरात वाचलं: खातीपुऱ्यात तीन रुग्ण. एक मी. बाकीचे दोघं कोण?

नवऱ्याला फोन लावला. मुक्ता झोपलीय, तो म्हणाला. मग ती खेळायला गेली होती, मग अंघोळीला. त्याला धड खोटंही बोलता येत नाही! मी समजायचं ते समजले. माझ्यामुळे तो आणि मुक्ता, दोघंही आजारी पडले होते आणि माझ्यापासून लपवत होते. रडून रडून घसा पुन्हा सुजला.

शेवटी राउंडवर आलेल्या डॉक्टरांना अडवलं. माझी मुलगी कोणत्या वॉर्डात आहे, ते सांगितल्याशिवाय हलू देणार नाही म्हटलं.

त्यांनी कागद चाळले. "खातीपुरा? तीनों आप ही हैं. हर पॉज़िटिव सैंपल नया केस गिना गया."

दुरुस्त करा, मी ओरडले.

"आँकड़े तो ऊपर जा चुके, मैडम."

आधी हायसं वाटलं आणि पाठोपाठ संताप आला. माझ्या एकटीच्या घशातून यांनी दोन माणसं जास्तीची आजारी काढली होती.

नवऱ्याने मग खरं सांगितलं. पेपर आला त्याच सकाळी शर्माभाभींनी मुक्ताला दप्तरासकट दाराबाहेर उभं केलं. त्याने तिला जयपूरबाहेर बस्सीला, ऑफिसातल्या मित्राच्या घरी ठेवलं होतं. मला काळजी नको म्हणून सांगितलं नाही म्हणे. त्याचाही राग आलाच.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर पुन्हा नमुना देताना विचारा, हा जुनाच रुग्ण म्हणून नोंद होते ना? मला बरं करणाऱ्या डॉक्टर-नर्सचे उपकार मी विसरणार नाही. पण छापलेल्या आकड्यावरचा माझा विश्वास उडाला तो उडालाच.

बस्सीहून मुक्ताला घेऊन मी घरी आले, तेव्हा शर्माभाभी त्यांच्या फाटकाशी उभ्या होत्या. "बाकी दो कैसे हैं?"

"और कोई था ही नहीं, भाभी. तीनों मैं ही थी."

"छुपाओ मत. अख़बार में छपा था."

मुक्ता त्यांच्याकडे धावत निघाली होती. ती पोचायच्या आत त्यांनी फाटकाला कडी घातली.