पैऱ्यानं दिलेला पेपर

प्रियदर्शनीला कुणी विचारलं, "बीएस्सी कुठल्या सालची?" की तिला उत्तर गिळून टाकावंसं वाटायचं. दोन हजार वीस म्हटलं की समोरचा गालातल्या गालात हसायचा. "म्हंजे कोरोनाची बॅच." झालं, बोलणं तिथंच खुंटायचं. एसटीच्या पासावर तीन वर्षं कराडला मारलेल्या खेपा, ॲसिड सांडून भोकं पडलेल्या ओढण्या, पहिली दोन वर्षं वर्गात काढलेला पहिला नंबर, सगळं त्या एका शब्दाखाली गडप व्हायचं. आणि खरं सांगायचं तर बाकीच्या कोरोना बॅचला निदान गुण तरी पोत्यानं होते. हिला तेही नव्हते.

तिचं गाव सातारा जिल्हा संपून सांगली लागते त्या शिवेवरचं. बाप धोंडिराम कराडच्या डेपोत एसटीचा मेकॅनिक होता, आता घरी बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मोटरसायकली खोलतो. आई चंद्राबाईचा जन्म बांधावर गेला. ओढ्याकाठी स्वतःचा एक लहानसा तुकडा, आणि बाकी सगळी दुसऱ्यांची रानं. थोरला कुणाल पुण्यात कंपनीत आहे, सणासुदीला येतो. प्रियदर्शनी तिशीकडं झुकलेली. सांगलीच्या अंगाला एका साखर कारखान्यात, प्रयोगशाळेत कंत्राटी. गाळप सुरू झालं की बोलावणं यायचं, हंगाम संपून पट्टा पडला की पुन्हा घरी. तासातासाला रसाचा नमुना आणायचा, साखर किती ते काढायचं, फळ्यावर आकडा लिहायचा. पाच-सहा हंगाम हेच. अंगाला रसाचा आंबूस वास असा बसलेला की घरी येऊन दोनदा साबण लावला तरी जात नसे. पहिल्या हंगामात ती त्यावर हसायची. आता हसायचा पण कंटाळा आला होता.

यंदा मात्र एक गोष्ट घडली. प्रयोगशाळेतला जुना केमिस्ट हंगामाअखेर निवृत्त होणार होता आणि त्याची कायमची जागा भरायची होती. काम येतं कुणाला, हे साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं. पण कागदावर अट होती, पदवी प्रथम वर्गाची हवी. प्रियदर्शनीची पदवी होती द्वितीय वर्गाची. तिथंच घोडं पेंड खात होतं.

वर्गात पहिली येणाऱ्या पोरीला द्वितीय वर्ग कसा मिळाला, ते सांगायला हवं. हे असलं फक्त आमच्याकडंच होऊ शकतं.

त्या साली परीक्षा आधी रद्द म्हणाले, तेव्हा पोरं म्हणाली, सुंठीवाचून खोकला गेला. मग कोर्टकचेऱ्या झाल्या आणि ठरलं, शेवटच्या वर्षाची परीक्षा व्हायची, पण घरात बसून, मोबाईलवर, चार पर्यायांतला एक निवडायचा. आता गावात रेंज कुठं? तर फक्त शाळेच्या वरच्या मजल्यावर. त्यामुळं गावातली बीएस्सीची सगळी पोरं तिथं जमली. त्यात सयाजी होता. घरचा बागायतदार, मनानं चांगला, अभ्यासात मात्र पहिल्यापासून हात आखडता. तोच म्हणाला, "आपुन पैऱ्यानं करू. एकेकानं एकेक पेपर वाचून यायचा आनि समद्यांनी मिळून सोडवायचा."

पैरा म्हणजे आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. पैसाअडका नाही, नुसते हात फिरवायचे. गावानं पिढ्यान्‌पिढ्या असंच पेरलं, असंच तण भांगललं. त्यामुळं सयाजीच्या बोलण्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. कॉपी करतोय असं एकाच्याही मनात आलं नाही, हे तुम्हाला खोटं वाटेल, पण तसंच होतं.

पेपराच्या दिवशी कळलं की प्रियदर्शनी सोडून कुणीच काही वाचून आलेलं नाही. प्रत्येकाच्या मोबाईलवर प्रश्नांचा क्रम निराळा. मग ही मधे बसली आणि पोरांनी मोबाईल पुढं केले. चंद्राबाईची एक शिकवण होती. पैऱ्यात आपलं रान शेवटी धरायचं. आधी दुसऱ्याचं उरकून द्यावं, म्हणजे आपल्या वेळेला माणूस तोंड चुकवत नाही. पोरीच्या हाडीमाशी ते भिनलेलं. तिनं एकेकाचा मोबाईल हातात घेतला आणि उत्तरं सांगत गेली. स्वतःचा मोबाईल मांडीवर पालथा. शेवटी तो उलटा केला तेव्हा वेळ संपत आलेली. अर्धेअधिक प्रश्न कोरे असताना पेपर आपोआप जमा झाला. आणि हे एकदा नाही, चारी पेपरांना. दुसऱ्या पेपराला ती म्हणाली होती, "आज माझा आधी करते." तेवढ्यात सयाजीची रेंज गेली, आली, पुन्हा गेली, आणि तो इतका काकुळतीला आला की हिच्यानं राहवलं नाही.

निकाल लागला. सगळे घोडे बारा टक्के. कुणाला नव्वद, कुणाला त्र्याण्णव. प्रियदर्शनी कशीबशी पास, आधीच्या दोन वर्षांच्या गुणांनी ओढून द्वितीय वर्ग. चंद्राबाईनं त्या पोरांच्या रानात कितीक भांगलणी केल्या होत्या, त्या तिला कुणी ना कुणी फेडल्या होत्या. पण लेकीचं हे रान कुणी येऊन कसं पेरणार? सयाजी घरी पेढे घेऊन आला आणि तिचे गुण ऐकून उंबऱ्यातच उभा राहिला. धोंडिरामानं त्याच्या हातून पेढा घेतला. लेकीला मात्र म्हणाला, "पोरी, परीक्षा म्हंजे एकट्यानं उभं ऱ्हायाची जागा. तिथं तू घोळका घिऊन कशाला गेलीस?" त्या वेळी तिला बापाचा राग आला होता. बैल गेला अन् झोपा केला, आता सांगून काय उपयोग, असं ती आईपाशी चिडून बोलली आणि दोन दिवस जेवली नाही.

सयाजी त्याच गुणांवर कारखान्यात कायम झाला. आज तो प्रियदर्शनीच्याच प्रयोगशाळेत, तिचा वरिष्ठ. अडलं की तिलाच विचारतो. तो माजलेला असता तर तिला सोपं गेलं असतं, शिव्या घालून मोकळी झाली असती. पण तो उलट खाली मान घालून वावरायचा.

तर यंदा विद्यापीठानं जुन्या मुलांना वर्ग सुधारण्यासाठी परीक्षेला पुन्हा बसायची एक संधी दिली. ते पत्रक सयाजीनंच आणलं. "भर फॉर्म," म्हणाला.

"आता काय येनार हाय मला? समदं गंजलं."

"गंजलं म्हंजे हाय तरी. मला तर हाय का न्हाई तेच म्हाईत न्हाई, गड्या." हा तिला लहानपणापासून गड्याच म्हणायचा. "कुणी नमुना तपासायला दिला की तुलाच हाक मारतो. नव्वद टक्केवाला केमिस्ट हाय मी. मलापन बसायचं हुतं. चौकशी केली. प्रथम वर्गाच्या खालच्यांनाच बसता येतंय. मला आता कुनीच परीक्षेला बसू देनार न्हाई."

ती नमुना घेऊन आत गेली. पण फॉर्म तिनं दुसऱ्याच दिवशी भरला.

मग सुरू झाली ती निव्वळ दमछाक. हंगाम ऐन भरात, सुट्टी मिळायची नाही. कारखान्यातली पाळी उरकून यायचं, चार घास गिळायचे आणि पुस्तक उघडायचं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. जे एकदा पाठ होतं ते पुन्हा पाठ करायचा जो वीट येतो, तो ज्यानं केलंय त्यालाच कळेल. पानं उलटायची आणि लक्षात यायचं की मागचं पान डोळ्याखालून गेलं, डोक्यात गेलंच नाही. चंद्राबाई म्हणायची, "आगं, झोप जरा. परीक्षा तुला खाती का काय." ती झोपायची नाही. झोपली तरी स्वप्नात मोबाईल मांडीवर पालथाच असायचा.

पहिले तीन पेपर बरे गेले. चौथा अवघड, आणि सगळी भिस्त त्याच्यावर. त्यात चांगले गुण पडले तर प्रथम वर्ग, म्हणजे कायमची जागा. नाहीतर पट्टा पडला की घर, आहे तसंच. त्या दिवशी तिनं कराडला कॉलेजच्या फाटकात पाय ठेवला तेव्हा आजूबाजूला सगळी कोवळी पोरं. एकीनं तिला मॅडम समजून वाट दिली. प्रियदर्शनीला हसू यावं तर ते आलं नाही, कंबर दुखत होती.

शेजारच्या बाकावर एक सडपातळ मुलगी होती, संयोगिता. पेपर सुरू व्हायच्या आधी तिनंच ओळख काढली. ती पण दुसऱ्यांदा बसलेली, याच पेपरात अडकलेली. "ह्यो निघाला की सुटले बगा," असं म्हणाली.

प्रियदर्शनीनं लिहायला घेतलं. कितीतरी वर्षांनी ती अशी बसली होती, की आपल्यासमोर एक प्रश्न आणि मधे दुसरं कुणीच नाही. जे येत होतं ते येत होतं. जे येत नव्हतं ते स्वच्छ दिसत होतं. आपल्याला नेमकं कुठवर येतं हे एवढ्या वर्षांत तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिला अगदी रडू फुटेल की काय असं वाटलं.

वेळ थोडा राहिला होता, तिचा शेवटचा मोठा प्रश्न बाकी होता, आणि तेवढ्यात शेजारून कुजबूज आली.

"ताई. दुसऱ्या प्रश्नाची ती डेरिव्हेशन. निस्ती सुरुवात सांगा. फुडचं येतंय मला."

पर्यवेक्षक खिडकीपाशी पाठ करून उभे होते. सुरुवात एका ओळीची होती. प्रियदर्शनीला ती पाठ होती, तिनं मघाशीच लिहिली होती. सांगायला एक श्वास पुरला असता.

"ताई, पाया पडते."

तिनं मान वर केली नाही. उत्तरपत्रिका भिंतीच्या बाजूला ओढली, डाव्या हाताचं कोपर मधे घातलं आणि लिहीत राहिली. कुजबूज थांबली. मग शेजारी पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. प्रियदर्शनीचं शेवटचं वाक्य संपलं आणि घंटा झाली.

बाहेर पायऱ्यांवर संयोगितानं तिला गाठलं. भांडायला आली नव्हती. नुसतं म्हणाली, "तुमाला येत हुतं न्हवं?"

"व्हय. येत हुतं."

पोरगी तशीच वळली आणि निघून गेली. प्रियदर्शनीला सगळं सांगायचं होतं, शाळेचा वरचा मजला, मांडीवरचा मोबाईल, सगळं. पण फाटकाबाहेर एसटी लागली होती, आणि सांगून त्या पोरीला काय मिळणार होतं?

निकाल उन्हाळ्यात लागला. प्रथम वर्ग, काठावर का होईना. कारखान्यातून निरोप आला की गुणपत्रक घेऊन या, जागा तुमचीच. सयाजीनं फोनवर चार वेळा अभिनंदन केलं. गुणपत्रक आणायला ती कराडला गेली. कार्यालयाच्या खिडकीपाशी रांगेत पुढं संयोगिता उभी होती. तिनं स्वतःचा कागद घेतला, वाचला, घडी घातली. वळली तर समोर ही.

"किती गुण ऱ्हायले?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"थोडंच. तेवढा एक प्रश्न आला असता तर झालं असतं." तिच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट. "तुमचं काय चुकलं न्हाई ताई. ज्याचं त्यानं लिवायचं, बरोबर हाय. मला याया पायजे हुतं."

"पुन्ना बस की. मी शिकवते तुला. खरंच, ये घरी."

"न्हाई आता. घरी म्हनाले, ह्या खेपंला झाली तर झाली, न्हाईतर बास." ती हसली, ओढणी सारखी केली. "कातरखटावला दिलंय मला. फुडल्या म्हैन्यात लगीन हाय."

प्रियदर्शनी घरी आली तेव्हा धोंडिराम दारातच बसला होता, हाताचं ग्रीस पुसत. त्यानं गुणपत्रक स्वच्छ हातानं घेतलं, चष्मा लावला, एकेक आकडा बोट फिरवत वाचला. आत चंद्राबाईनं शिरा केला होता, त्याचा वास दारापर्यंत आलेला. म्हातारा कागदावरून नजर काढेना. मग म्हणाला, "ह्यो समदा तुझा तू लिवलास."

"व्हय, आबा."

"कुनाला इचारलं न्हाईस, कुनाला सांगितलं न्हाईस."

"न्हाई सांगितलं," ती म्हणाली, आणि तिथंच पायरीवर खाली बसली.

धोंडिरामानं चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. "मग आसं का गं? त्वांड का उतरलंय?"

"काय न्हाई आबा. दमले."