चार वाजता, जर्सी घालून

मी बोलायला लागलो की समोरच्याचा चहा गार होतो. आमच्या पंचवटीत कुणालाही विचारा. भर पुरात गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या खांद्यावर बसून मी वडापाव खाल्ला, हेसुद्धा मी लोकांना पटवून दिलेलं आहे. पण ही एक गोष्ट — ही कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय? खरंच माहीत नाही. ऐका.

माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली — माणूस जन्मल्यापासून जाईपर्यंत आमच्या मशीनमधून जातो. त्याच कॉम्प्युटरवर मी एक पेज चालवायचो. 'गोदाकाठचे गोलकीपर'. चालवतो कोण, हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यातच तर मजा होती. आपल्याकडे एक जमात आहे बघा — जन्म सिन्नरचा, नोकरी सातपूरला, आणि सकाळी सुतकी चेहऱ्यानं सांगणार, "काल आपण हरलो यार." आपण म्हणजे कोण? तर सातासमुद्रापलीकडचा फुटबॉल क्लब! त्यांची मी चंपी करायचो. 'रेफरीच्या निषेधार्थ लासलगावात कांद्याचे लिलाव बंद.' 'मॅनेजर हटवा, नाहीतर सीबीएस स्टँडवर रास्ता रोको.' अर्धं नाशिक हसून लोळायचं. बरं, अर्धं नसेल. पण लोळायचं.

आणि माझा शाळेपासूनचा मित्र किरण म्हणजे या 'आपण'वाल्यांचा महाराजा. लाल जर्सी, लाल मग, गाडीला लाल सीट कव्हर. पेजचा सगळ्यात मोठा चाहताही तोच. "कोण आहे रे हा नालायक," असं मलाच विचारायचा आणि पोट धरून हसायचा. संघ हरला की मात्र फोन बंद. सगळेच करतात तसं, चिडवणाऱ्यांच्या तावडीत सापडायला नको म्हणून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत साहेब गायब.

हे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

मोठी फायनल त्याचा क्लब हरला. किरणची बायको मनीषा तेव्हा माहेरी, सटाण्याच्या पुढच्या एका गावात. मी सकाळी दुकान उघडलं आणि श्रद्धांजलीची फ्रेम काढली. ती तयारच असते हो — हार, दोन समया, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. फक्त फोटो बदलायचा. किरणचा हसरा फोटो टाकला, पूर्ण नाव टाकलं. खाली लिहिलं, 'तीव्र धक्क्याने अकाली निधन. शोकाकुल — समस्त लाल परिवार.' विनोद कळावा म्हणून कोपऱ्यात एक रडका फुटबॉल ठेवला. नखाएवढा. फोनवर तो कुणाला दिसणार होता?

पोस्ट सुसाट पळाली. ग्रुपवरून ग्रुपवर. सटाण्यापर्यंत पळेल, असं वाटलं नव्हतं — हे तरी खरं आहे.

थोड्या वेळानं पेजवर एक निरोप आला. अनोळखी टोपणनाव. फोटोत चेहरा नाही, नुसते दोन हात — मेंदी, कोपरापर्यंत हिरवा चुडा. 'दादा हे खरं आहे का? फोन बंद लागतोय. कृपया सांगा.'

मला वाटलं, कुणीतरी पोरगं बाईचं खातं काढून खेचतंय. असंच मी आजवर स्वतःला सांगत आलो. उत्तर दिलं — 'होय. अंत्ययात्रा दुपारी चार वाजता, अमरधाम. जर्सी घालून यावे.' आणि स्वतःच्याच विनोदावर असा हसलो की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला.

दुपारी मी किरणच्या खोलीवर गेलो. तो दाढी करत होता. मी त्याला त्याचीच श्रद्धांजली दाखवली. गालावर फेस तसाच, आणि हा हसतोय! "त्या नालायकानं हार तरी जरा जाड घालायचा की रे!" तेवढ्यात दारात टेम्पो थांबला.

आधी मेहुणा उतरला. किरणला बघून मागं वळून ओरडला, "दाजी जित्ता शेतस वं!" मग मनीषावहिनी उतरल्या. कपाळ पुसलेलं. दोन्ही मनगटं मोकळी, एकावर काचेनं चिरलेलं, वर चिंधी बांधलेली. रडल्या नाहीत. किरणच्या गालावरचा फेस बोटानं पुसून बघितला, खाली माणूस आहे का ते.

मागून कळलं. मेहुणा सकाळपासून सगळ्यांना थोपवत होता — मस्करी असेल, थांबा. मग पेजचं उत्तर आलं. ते वहिनींनीच वाचून दाखवलं. 'जर्सी घालून' हे पुढचं कुणी ऐकलंच नाही, 'होय' आणि 'चार वाजता' एवढं पुरलं. परक्या गावात, परक्या बायकांसमोर नको, म्हणून निघण्याआधी चुलत आजीनं ओट्यावरच बांगड्या फोडल्या.

लोक म्हणाले, चला, जावयाचं आयुष्य वाढलं. किरणनं पुन्हा मंगळसूत्र घातलं, पेढे वाटले. मी दोन खाल्ले. पेज त्याच दिवशी उडवलं होतं. आणि त्या नालायकाला शोधून काढू म्हणून सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडलं असेल? मीच.

आता किरण मॅच बघत नाही. फोन बंद ठेवत नाही, कारण कंपनीत तासाभरात उचलला नाही तर वहिनी रिक्षा करून गेटवर येतात. आणि संक्रांतीचं हळदीकुंकू — ज्या बाईच्या बांगड्या एकदा फुटल्या तिला कसं बोलवायचं, असं चाळीतल्या बायकांना वाटतं. तोंडावर कुणी बोलत नाही. नुसतं बोलावणं येत नाही. वहिनी त्या दिवशी दार लावून घेतात.

परवा गेलो होतो. वहिनींनी चहा दिला. हातात प्लॅस्टिकच्या बांगड्या, काचेच्या त्या घालत नाहीत. "भाऊजी, तुम्हाला कॉम्प्युटरचं कळतं. सापडला का हो तो?" फोन माझ्यापुढे धरला. तो निरोप त्यांनी जपून ठेवलाय. मी पहिल्यांदाच वाचतोय असा वाचला. म्हणालो, "किती हलकट माणूस असेल."

"शिव्या नका देऊ," त्या म्हणाल्या. "मी कोण ते त्याला माहीत नसणार. माहीत असतं तर असं कुणी लिहील का?"

ते मेंदीचे हात त्यांचेच, लग्नाच्या आदल्या दिवशीचे होते. मंडपाच्या दारावरचा फ्लेक्स माझ्याच दुकानात छापला होता, आणि त्यावर हाच फोटो होता. चुड्याचा हिरवा नीट उतरेना म्हणून तीनदा छापला होता. निरोप आला तेव्हा मी ते हात ओळखले होते. पण उत्तर सुचलेलं होतं, आणि ते फार झकास होतं.

मला माहीत होतं.