शनिवारची मोजणी

थंड बाटलीचं झाकण उघडताना आतलं पाणी कुणाच्या विहिरीच्या वाट्याचं, असं तुम्ही कधी विचारलंय? मनकर्णाबाईनं विचारलं. तेही कारखान्याच्या साहेबाला, भर ग्रामसभेत.

मनकर्णाबाई वाळूजजवळच्या एका गावच्या पाणी समितीची अध्यक्ष. शिक्षण चौथी, जीभ वस्तऱ्यासारखी. गावाची पिण्याची विहीर आणि शीतपेयाच्या कारखान्याचे दोन बोअर, मधे जेमतेम एक शेत. दोन हजार सोळाचा उन्हाळा. शहराच्या नव्या इमारतींना टँकर धावत होते, आणि कारखान्याचा श्रीरंग साहेब एक कागद घेऊन आला. कंपनीनं लांब कन्नड तालुक्यात बंधारे बांधले, घेतलं त्याहून जास्त पाणी जमिनीला परत दिलं, इथल्या विहिरीचं पाणीही चढलं, असं त्यात लिहिलेलं. खाली बाईची सही हवी होती. ती मिळाली की तिसऱ्या बोअरचा रस्ता मोकळा.

सरपंच साहेबराव म्हणाले, करून टाका, कंपनी शुद्ध पाण्याचं मशीन देतीय. बाईनं विचारलं, विहीर आटल्यावर मशीन काय वारा गाळणार? आणि कन्नडला मुरलेलं पाणी वाळूजला काय एसटीनं येतं?

पण श्रीरंगकडं आकडे होते. दर शनिवारी सकाळी आठला तो विहीर मोजायचा. बाईकडं दोर होता, टोकाला दगड, हाता-हातावर गाठ. ती सवड मिळेल त्या दिवशी मोजायची, आणि दोघांचं काही जुळेना. तिला वाटलं, आपलीच गाठ सरकली. नवा दोर आणला. मग हट्टानं रोज मोजायला लागली, मोटारघराच्या भिंतीवर खडूनं लिहायला लागली. महिन्यानं भिंतच बोलली. पाणी शनिवारी अडीच हात वर, गुरुवारपर्यंत परत तळाला. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी, बोअर बंद.

ग्रामसभेत तिनं हे मांडलं. श्रीरंग नरमाईनं म्हणाला, "मावशी, गावही उपसतंच की."

"व्हय. मग गावाला शुक्रवारी तहान लागत नाय का?"

सभा हसली. बाई हसली नाही. येत्या गुरुवारी संध्याकाळी या म्हणाली, दोर तुम्हीच सोडा.

तो आला. गाठी मोजत गेला, आणि दगड गाळात रुतला. माणूस लबाड नव्हता. शनिवारी त्याला सवड असायची, एवढंच. पण साहेबांच्या असल्या सवडीपायीच गावं कोरडी पडतात. कागद त्यानं घडी करून खिशात घातला.

तिसरा बोअर अडला. बाटल्यांच्या शेवटच्या धुण्याचं पाणी कारखाना आता पुढच्या बाटल्यांच्या पहिल्या धुण्याला वापरतो. दोन बोअर मात्र चालूच आहेत, आणि कागद नव्या भाषेत पुन्हा येणार, हे बाईला ठाऊक आहे. तिचा दोर रोज विहिरीत उतरतो.

असा कागद तुमच्याही गावात येईल. सही करण्याआधी महिनाभर विहीर रोज मोजून वहीत मांडा, कारखान्याच्या सुट्टीचा वार शेजारी लिहा, आणि ती वही ग्रामसभेत मोठ्यानं वाचा.