मागच्या सीटवर तिघं

“तिला मधे बसव. ती काही बोलणार नाही,” सर कॅमेरामनला म्हणाले. मी दोन पावलांवरच उभी होते. ऐकलंच नाही असं दाखवून गाडीत मागच्या सीटवर सरकले.

कोथरूडमधल्या सरांच्या छोट्या ऑफिसात आम्ही नव्या गाड्यांचे मराठीत रिव्ह्यू करायचो. या मोठ्या सेडानचा रिव्ह्यू पहिल्यांदाच माझ्या नावाने जाणार होता. आमच्या एका प्रेक्षक बाईंनी आधीच विचारलं होतं: घरात पाच माणसं, सासूबाई काठी घेऊन चालतात, या आठवड्यात बुकिंग करतोय, घ्यावी का? त्यांना उत्तर मी द्यायचं होतं. म्हणून आम्हीही पाच जण खडकवासल्याकडे निघालो.

मधली सीट कडक होती. पायाखाली उंचवटा, त्यामुळे गुडघे वर आलेले. एका बाजूला जाहिरातींचं काम बघणारी ताई, दुसऱ्या बाजूला व्हिडिओ एडिटर. मी फोनवर टिपत होते.

धरणाच्या अलीकडे उंच स्पीडब्रेकर आला. सरांनी गाडी तिरकी घेतली, तरी ती खालून खर्रकन घासली.

“मागचे जरा उतरा,” सर सवयीने म्हणाले.

आम्ही उतरलो. हलकी झालेली गाडी पार गेली, आम्ही चालत जाऊन पुन्हा बसलो. थोड्या अंतरावर परत तेच. कोणालाच त्यात काही वाटलं नाही. माझ्या काकांच्या गाडीतूनही आम्ही मुलं अशीच उतरायचो. पहिल्या वेळी मीसुद्धा ते टिपलं नव्हतं. दुसऱ्या वेळी मागून बसवाला हॉर्न देत होता आणि ताई साडी सावरत रस्त्याच्या कडेने चालत होती, तेव्हा टिपलं.

धरणापाशी भजी आली.

“रिव्ह्यूचं शेवटचं वाक्य घे,” सर म्हणाले. “पाच जण आरामात.”

मी टाइप केलं नाही.

“काय मॅडम, मराठी शब्द सापडेना? इंग्रजीत सांगा, आम्ही समजून घेऊ.”

कॅमेरामन हसला. ताई माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, “वाद नको गं. या महिन्यात या गाडीच्या कंपनीची जाहिरात आहे आपल्याकडे.”

माझं शिक्षण सगळं इंग्रजीत, म्हणून मराठी वाक्य मी आधी मनात जुळवून घेते. तोवर विषय पुढे गेलेला असतो आणि मी सुटते. पण सर या वेळी थांबले होते, माझा फोन घ्यायला हात पुढे करून. मी फोन दिला नाही.

“सर, दोनदा मागच्या तिघांना उतरावं लागलं. ते मी लिहिलंय.”