इनासचा सामता

आमच्या कोलशेतात इनासच्या ओटीवरून खर्र-खर्र आवाज आला की बायका हातातलं काम टाकून एकमेकींना विचारत, "कोन आजारी हाय गो?" यात इनासचा काही दोष नव्हता. माणूस भला होता, भाताची दोन खाचरं आणि खाडीकडेची मिठागराची पट्टी सांभाळून असायचा, दारू बेताची प्यायचा आणि देवळात रविवार चुकवत नसे. त्याला एकच नाद होता, बारीक भोकं पाडायचा.

सुताराकडे असतो तसला एक सामता त्याच्याकडे होता, पण अगदी लहान. लाकडी मुठीत पोलादाचं पातं, मुठीला दोरीचा वेढा आणि ती दोरी मागेपुढे ओढणारी वेताची कमान. त्यानं तो नारळाच्या करवंटीचे मणी करायचा आणि मण्यांच्या रोजारीच्या माळा, दर मण्याला एक प्रार्थना म्हणायच्या. आमच्या किरिस्तावांत माणूस गेला की त्याच्या हातात रोजारीची माळ गुंफून मग त्याला मातीत ठेवतात. ज्याच्या घरी माळ नसेल किंवा असलेली मुलाबाळांना हवी असेल, त्याला इनास आपली माळ द्यायचा. पैसे घेत नसे. पुढं पुढं गावाला सवयच लागली. कुणी अंथरुणाला खिळलं की इनास ओटीवर बसणार, हे ठरून गेलं. इनासला मात्र यात काही वावगं वाटायचं नाही. माळ व्हायला वेळ लागतो, आयत्या वेळी कुठून आणणार, असं त्याचं म्हणणं. थॉमस म्हाताऱ्याची माळ त्यानं अशीच आधी करून ठेवली होती. म्हातारा त्या दुखण्यातून उठला, काठी टेकत इनासकडे आला, ती माळ ओटीवर आपटली आणि पुढं पुष्कळ वर्षं त्याच्याशी बोलला नाही.

पात्यांचं म्हणाल तर ती त्याची कायमची रड होती. विलायती पाती मुंबईला मिळत, पण त्यांच्या किमतीत बोकड आला असता. म्हणून इनास मोडक्या छत्रीच्या काड्या आणि गोणपाट शिवायच्या सुया घासून घरीच पाती करायचा. ती लवकर बोथट व्हायची. घाई केली की मोडायची, आणि मोडायची तीसुद्धा नेमकी भोक पार होता होता. त्यानं त्याच्यावर आपले उपाय काढले होते. करवंटीचा तुकडा रात्रभर पाण्यात ठेवायचा. अर्धं भोक एका बाजूनं, अर्धं दुसऱ्या बाजूनं. पात्याला खोबरेलाचं बोट. दाबायचं नाही, कमानीला तिच्या चालीनं चालू द्यायचं. आणि आधी भोक पाडायचं, मगच मणी दगडावर घासून गोल करायचा. आधी गोल केला तर तो तडकतो. "माजा मनी तडकत नाय," हे तो एवढ्या वेळा सांगायचा की ऐकणारे उठून जात.

एका भादव्यात त्याची बायको जॉर्जिना तापानं पडली. थंडी वाजून ताप भरायचा, घामानं उतरायचा, पुन्हा भरायचा. ठाण्याच्या डॉक्टरनं कोयनेलाच्या पुड्या दिल्या आणि पेज पाजा, पोटात काही गेलं नाही तर बाई राहायची नाही, असं स्पष्ट सांगून तो गेला. इनास घाबरला. घाबरला की त्याचे हात स्वस्थ बसत नसत. तो ओटीवर गेला, सामता घेतला आणि मणी पाडायला लागला. आपण काय करतोय हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. आत अंथरुणावर जॉर्जिनानं तो आवाज ऐकला, तोंड भिंतीकडे केलं आणि पेजेची वाटी हातानं सारली.

दोन दिवस हे चाललं. शेजारच्या आगऱ्यांची गोदा पेज घेऊन यायची आणि तशीच परत न्यायची. शेवटी ती ओटीवर येऊन इनासवर उखडली.

"दादा, तुमाला काय अक्कल? ती आत इचारते, माजी माल कवरी झाली म्हून!"

इनासनं सामता खाली ठेवला. त्यानं मण्यांची टोपली उचलली, माळ्यावर टाकली आणि घर गप्प झालं. आता बरी होईल, असं त्याला वाटलं.

पण संध्याकाळी जॉर्जिनानं गोदाला जवळ बोलावलं. कानातली काढून तिच्या हातात ठेवली, लाल लुगडं कुणाला द्यायचं ते सांगितलं. पाद्रीला निरोप पाठव म्हणाली.

"का गो? काय झालं?"

"आवाज थांबला," जॉर्जिना म्हणाली. "माल पुरी झाली."

यावर हसावं की रडावं हे गोदाला कळेना. तिनं बाहेर येऊन इनासला सांगितलं. तो तसाच माळ्यावर चढला आणि टोपली खाली घेऊन आला. थोड्याच वेळात खर्र-खर्र पुन्हा सुरू झालं. आत जॉर्जिनानं मान वळवली. "अजून चाललंय व्हय," असं पुटपुटली आणि गोदानं पुढं केलेल्या पेजेचे दोन घोट तिनं घेतले.

मग इनास थांबलाच नाही. दिवसभर भोकं पाडायची, बायको झोपली की हात सोडायचे, ती जागी झाली की पुन्हा कमान धरायची. माळेपुरते मणी केव्हाच होऊन गेले. टोपलीत त्यांची रास झाली, करवंट्या कमी पडायला लागल्या, तो चिंचोक्यांनाही भोकं पाडू लागला. भात तणानं भरलं, मिठागराचा बांध एका जागी खचला, तिकडं त्यानं पाहिलंही नाही. आणि एवढ्या कामानं त्याची घरची पाती एकेक करून मोडली, एक तेवढं राहिलं.

कल्याणच्या बाजारात एका बोहऱ्याकडे जर्मनीची स्वस्त पाती आलीत, असं त्यानं ऐकलं होतं. मिठाचा मचवा भरतीबरोबर कल्याणला निघायचा, त्यात तो बसला. जाताना गोदाला सामता, ते उरलेलं बोथट पातं आणि करवंटीचा तुकडा देऊन गेला. गोदानं जन्मात सामता हातात धरला नव्हता. ती बिचारी दिवसभर ओटीवर बसून नुसती कमान ओढत राहिली. भोक एकही पडलं नाही, आवाज मात्र खंडला नाही.

बोहऱ्यानं कागदाची पुडी सोडली. सुईएवढी बारीक पाती, दोऱ्यानं बांधलेली.

"घड्याळं दुरुस्त करता काय?" त्यानं विचारलं.

"नाय. टिकतील का?"

"या भावात टिकतील कशी? मोडलं की दुसरं घ्यायचं. म्हणून तर स्वस्त दिलीत."

इनासनं आणखी एक पुडी मागितली.

पाती खरंच कच्ची निघाली. टणक करवंटीत वाकायची, चिंचोक्यात मोडायची. कट् असा आवाज झाला की जॉर्जिना आतून ऐकायची. एक दिवस तिनं हाक मारली.

"अवो, आज कितीवं मोडलं?"

"स्वस्तातली हायेत. मोडतात."

"तुमचा मनी तडकत नवता ना? हाताला काय झालं तुमच्या?"

असलं बोलणं इनासनं एरवी पाद्रीचंही ऐकून घेतलं नसतं. "हात म्हातारा झाला," तो म्हणाला. जॉर्जिना चिडली, अशानं ही माळ कधी व्हायची, म्हणून बडबडली, आणि चिडल्या चिडल्या वाटीभर पेज प्यायली. गोदा रिकामी वाटी घेऊन मागल्या दारी गेली आणि तिथं बसून रडली.

ताप हटला. नाताळच्या सुमारास जॉर्जिना भिंत धरून ओटीवर आली. टोपली पाहिली. हात घालून मूठभर मणी आणि चिंचोके वर काढले, नवऱ्याकडे पाहिलं. दोरा मागून घेतला, करवंटीचे मणी निवडून माळ स्वतः ओवली, पण एका मण्याची जागा मोकळी सोडली.

"ही पुरी करायची नाय," ती म्हणाली.

तिन्हीसांजेला घरात रोजारी म्हणताना ती मोकळी जागा आली की जॉर्जिना शेजारी हात करून इनासचा अंगठा धरायची आणि ती प्रार्थना त्याच्यावर म्हणायची. शेजारीपाजारी हसायचे. इनास पुटपुटायचा, पण जागा जवळ आली की अंगठा आधीच पुढं करून ठेवायचा.

मग पटकीचं साल आलं. इनास सकाळी मिठागरावर गेला होता, त्याला दुपारी उचलून आणला आणि दिवस मावळायच्या आत तो गेला. साऱ्या गावाला माळा देणाऱ्यानं स्वतःसाठी एकही केली नव्हती, आणि टोपलीतले मणी त्या सालच्या माळांतच संपून गेले होते. पटकीचं प्रेत, लवकर हलवा, असं पाद्री म्हणत होता. कुणी आपल्या घरची माळ आणायला निघालं. जॉर्जिना म्हणाली, "थांबा."

आपली ती अपुरी माळ घेऊन ती ओटीवर बसली. पुडीत बोहऱ्याची थोडी पाती उरली होती. एक मोडलं. दुसरं मोडलं. गोदानं करवंटीचा तुकडा घट्ट धरला, जॉर्जिना कमान ओढत राहिली. अंगणात सगळे थांबून राहिले, पाद्रीसुद्धा. भोक पडलं ते तिरकं. मणी गोल करायला वेळ नव्हता, तिनं तो तसाच ओवला आणि गाठ मारली.

आत जाऊन तिनं माळ नवऱ्याच्या हातात गुंफली. तो वाकडा मणी त्याच्या अंगठ्याखाली येईल असा बसवला. मग उठून बाजूला झाली आणि म्हणाली, "आता न्या."